चार वाजताची नळी

टक्.

स्वयंपाकघरात बारीकसा आवाज झाला. बैठकीच्या खोलीत कोणीच बोलत नव्हतं म्हणून ऐकू तरी आला, एरवी रविवारी या घरात ताट पडलं तरी कळायचं नाही. थोरल्याने नुकताच कागद वाचून संपवला होता आणि दुसऱ्याने आधी तोंड उघडावं म्हणून जो तो थांबला होता. आवाजाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. धाकट्या सुनेचं गेलं.

तिला तो झोपेतसुद्धा ओळखता आला असता. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती, दिवसाकाठी शंभरावर नळ्यांना टोपणं लावायची. हे नळीचं टोपण होतं. तिने घड्याळाकडे पाहिलं. बारा. म्हणजे बाराची नळी, अण्णांच्या लाळेची. पण अण्णा तर इथे, तिच्यासमोर, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. नातीच्या खडूंचा डबा मांडीवर घेऊन एकेक खडू काढून उंचीप्रमाणे लावत होते. गेल्या अर्ध्या तासात त्यांच्या तोंडात कोणी कापूस घातला नव्हता.

ती उठणार तेवढ्यात थोरला म्हणाला, "यावर आता वेगळं काय बोलायचं? सहाच्या आत मी निवासात कळवून टाकतो."

ती परत टेकली.

निवास म्हणजे विसराळू म्हाताऱ्यांसाठी गावाबाहेर नव्याने झालेली जागा. एक खोली रिकामी झाली होती आणि ती आज संध्याकाळपर्यंतच राखून ठेवणार होते. थोरला परिवहन कंपनीत गाड्यांची वेळापत्रकं आखायचा. दोन गाड्या एकाच वेळी एकाच फलाटावर आल्या की त्याची झोप उडते, असं त्याची बहीण म्हणायची. गेली चार वर्षं वडिलांचं आयुष्य नेमकं तसंच झालं होतं, आणि त्यातून वाट काढायची जबाबदारी आपलीच, असं त्याने स्वतःच ठरवून घेतलं होतं.

विसरणं घराने पचवलं होतं. चष्मा फ्रीजमध्ये, चपला उशीखाली, धाकट्याला थोरल्याच्या नावाने हाक आणि थोरल्याला कुठल्याशा जुन्या साहेबाच्या. त्यावर हसताही यायचं. चार वाजताचं मात्र कोणाला पचलं नव्हतं. रोज चारच्या सुमाराला अण्णा उठायचे आणि त्यांची तगमग सुरू व्हायची. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या, बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढली होती. भिंतीवरून हात फिरवत, कपाटांच्या दारांना कान लावत ते घरभर फिरायचे. कोणीतरी आत अडकलंय, म्हणायचे. अडवलं की बिथरायचे. पाच रविवारांपूर्वी लेकीने त्यांचे दोन्ही हात धरून त्यांना खुर्चीत बसवायला पाहिलं आणि त्यांनी तिला असं ढकललं की तिच्या मनगटाला दीड महिन्याची पट्टी बसली. निवासाचा विषय त्या दिवशी घरात आला.

आणि त्याच्यावर तोड म्हणून धाकट्या सुनेने एक वैद्यकीय अभ्यास आणला. मोठ्या इस्पितळात स्मृतीचा वेगळा विभाग होता. तिथली डॉक्टरबाई अशी माणसं शोधत होती. माणूस बिथरण्याआधी त्याचं शरीर काही खूण देतं का, रक्तात, लाळेत, मनगटाच्या हालचालीत, हे तिला पाहायचं होतं. ती खूण आधी कळली तर औषधाने गुंगीत ठेवायची पाळी कमी वेळा येईल, असं तिचं म्हणणं. अण्णांच्या हाताला पट्टा बांधला गेला. एकदा रक्त दिलं. आणि आठवड्यातले तीन दिवस, दिवसातून पाच वेळा, कापसाची छोटी वळी दोन मिनिटं तोंडात धरून ती नळीत टाकायची आणि नळी बर्फाच्या कप्प्यात ठेवायची, असा नेम ठरला. शेजारी एक वही. किती वाजता, काय केलं, किती वेळ चाललं. धाकटी नोकरीवर, तिचा नवरा चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायला, पोर शाळेत. तेव्हा हा सगळा नेम सासूबाईंनी एकटीने सांभाळला होता.

तिसरा आठवडा चालू होता. थोरल्याने डॉक्टरबाईच्या मागे लागून पहिल्या दोन आठवड्यांचे आकडे आधीच मागवून घेतले होते, तोच हा कागद.

"पुन्हा एकदा सांगतो," तो म्हणाला, आणि बोट कागदावर ठेवलं. ताणाचं हार्मोन सकाळी उठल्यावर जास्त असतं आणि दिवस कलेल तसं उतरत जातं, हे त्याने आता पाठ केलं होतं. अण्णांचं उलटं होतं. सकाळी थकलेलं, सपाट. आणि चार वाजता एकदम कड्यासारखं वर. वहीत मात्र आठवड्यातल्या जवळजवळ प्रत्येक दिवशी साडेचारला एकच शब्द लिहिलेला होता, आईच्या गोल अक्षरात. शांत.

"म्हणजे बाहेरून शांत आणि आतून जळतोय माणूस. रोज. आणि आपल्याला पत्ता नाही. याला आपण घरी ठेवणं म्हणायचं?"

कागदाच्या तळाशी डॉक्टरबाईने दोन ओळी लिहिल्या होत्या की एवढ्यावरून उपचाराचा निर्णय घेऊ नये. त्या त्याने दोन्ही वेळा वाचल्या नव्हत्या.

लेक उसळली. मनगटाला पट्टी असलेला हात उंचावून तिने सांगितलं की मार मला बसलाय, तक्रार करायची तर मी करीन. अण्णा घर सोडून कुठेही जायचे नाहीत. आईला त्यांची सवय आहे, आईचं काही म्हणणं नाही. त्यावर थोरल्याने विचारलं की गेल्या वर्षात तू इथे सलग किती दिवस राहिलीस. धाकटा त्या दोघांच्या मधल्या सतरंजीकडे बघत राहिला. एरवी तो बहिणीच्या बाजूचा. आज मात्र हळूच म्हणाला, "आतून जळतायत म्हणतो दादा, ते मला सहन होत नाही." आणि पारडं फिरलं. लेक एकटी पडली.

धाकटी उठून स्वयंपाकघरात गेली.

सासूबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. नळीवर चिठ्ठी चिकटवून झाली होती आणि आता त्या वहीत वेळ लिहीत होत्या. धाकटीने हात पुढे केला. त्यांनी नळी दिली, चोरी पकडली गेलेल्या पोरासारखी मान खाली घालून. धाकटीने ती उजेडात धरली. वळी अखंड, गुबगुबीत, ओलीचिंब. पहिल्या आठवड्यातल्या नळ्या तिला आठवल्या. अण्णा कापूस चावून त्याच्या चिंध्या करायचे, थुंकायचे, एकदा तर गिळायच्या बेताला आले होते. इस्पितळातून निरोप आला होता, दोन नमुने अपुरे. आणि तिनेच, कामावरून दमून आल्या आल्या, चपलाही न काढता म्हटलं होतं, आई, दोन नळ्या वाया गेल्या, जरा नीट बघत जा ना. त्यानंतर सगळ्या नळ्या भरलेल्या यायला लागल्या. तिने त्यांचं कौतुकही केलं होतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तू बोललीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून." सासूबाईंनी पदराला हात पुसले. "पहिल्या आठवड्यातल्या दोनतीन आहेत त्यांच्या. बाकी माझ्याच. ते तोंड उघडत नाहीत गं. जबरदस्ती केली की डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या. मला वाटलं, लाळ ती लाळ. एका ताटात जेवतो, एका घरात राहतो, असा काय फरक पडणार आहे."

"आई, लाळ ती लाळ नसते."

"नापास केलं असतं त्यांना. अभ्यासातून काढलं असतं, मग ही मुलं म्हणाली असती, बघ, तोही उपाय संपला, आता पाठवू या." त्या बाहेरच्या दिशेने बघत म्हणाल्या. मग आवाज खाली घेतला. "तू बोलू नकोस हं. हा एवढा एक आठवडा जाऊ दे."

 धाकटीने सरळच सांगितलं, की बाहेर वाचतायत तो कागद याच नळ्यांचा आहे, आणि अण्णांना पाठवायचं ते त्या कागदावरून ठरतंय.

सासूबाई स्टुलावर बसल्या. बराच वेळ त्यांनी चिठ्ठ्यांच्या पट्टीची कड नखाने उलगडली आणि पुन्हा दाबून बसवली.

धाकटीचं डोकं मात्र आता कामावरच्यासारखं चालायला लागलं होतं. सकाळी सपाट. दिवसभर चढं. हे या बाईचं शरीर बोलत होतं. बासष्ट वर्षांच्या, कधी डोकं दुखतं म्हणूनही न सांगणाऱ्या या बाईचं. आणि तो कडा?

"आई, चार वाजता काय होतं? तुम्ही कुठे असता?"

"इथेच की."

"इथे म्हणजे?"

सासूबाईंनी हनुवटीने अडगळीच्या खोलीकडे खूण केली. स्वयंपाकघराच्या मागची ती खिडकी नसलेली खोली, जुन्या गाद्या आणि पाण्याची रिकामी पिंपं ठेवायची.

आणि मग त्यांनी सांगितलं, तुकड्यातुकड्याने, ज्यात काहीच विशेष नाही अशा सुरात. अण्णा चारला उठतात. कोणीतरी अडकलंय म्हणतात. नाही हो, कोणी नाही, म्हटलं की पिसाळतात. मग एकदा सासूबाईंना सुचलं, की आहे म्हणावं. त्या आत जाऊन दार ओढून घेतात आणि आतून ठोकतात. ते येतात. घाबरू नका, मी आलोय, म्हणतात. दार उघडायला कधी पाच मिनिटं लावतात, कधी वीस, कारण आधी चौकटीवर सगळीकडे हात फिरवून बघतात, त्यांची रीतच होती ती. मग दार उघडतं, त्या बाहेर येतात, आलात ते बरं झालं, असं म्हणतात. ते खूश. खुर्चीत बसून चहा पितात. की झालं. शांत.

"रविवारी तुम्ही सगळे असता," त्या म्हणाल्या. "तुमच्यासमोर कुठे अडगळीत शिरू. म्हणून रविवारी ते तसे करतात."

"आणि नळी?"

"आतच घेते. चारची वेळ असते ना. दोन मिनिटं मोजायला काहीतरी बरं असतं आत."

धाकटीने तोंड फिरवलं. या घरातला सगळ्यात जुना विनोद तिला लग्न झाल्या झाल्या ऐकवला गेला होता. लिफ्टवाल्याची बायको, आणि आयुष्यात लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही. सातव्या मजल्यावरच्या बारशालासुद्धा जिन्याने. सासूबाई लहानपणी कधीतरी धान्याच्या कोठारात कोंडल्या गेल्या होत्या, तेव्हापासून बंद जागेत त्यांना श्वास पुरत नाही. अण्णा तर पाहुण्यांना सांगायचे, माझ्या धंद्यावर माझ्याच घरात विश्वास नाही.

"चला," ती म्हणाली. "तुम्ही सांगता की मी सांगू?"

 सासूबाई उठल्या, आणि तिच्या मागून बाहेर आल्या.

सांगितलं धाकटीनेच. नळ्यांपासून सुरुवात केली आणि आपण काय बोललो होतो तेही लपवलं नाही. थोरला आधी चिडला. तीन आठवडे, डॉक्टरांची फसवणूक, आणि तू स्वतः त्या धंद्यातली असून तुझ्या लक्षात आलं नाही. तिने ते ऐकून घेतलं, त्यात खोटं काही नव्हतं. लेकीचा चेहरा उजळला. म्हणजे अण्णांना काही नाही, कागद खोटा, विषय संपला. तेव्हा धाकटी म्हणाली, "कागद खोटा नाही ताई. नाव चुकीचं आहे."

मग तिने अडगळीच्या खोलीचं सांगितलं.

 अण्णांच्या हातातला निळा खडू मोडला आणि त्यांनी त्याचे दोन तुकडे शेजारी शेजारी, उंचीप्रमाणे, लावून ठेवले. थोरल्याने कागद पुन्हा जवळ ओढला. या वेळी बोट न ठेवता वाचला, तळापर्यंत, आणि मग वर पाहिलं ते वडिलांकडे नाही.

"आई, अंधार असतो ना गं आत?"

"डोळे मिटून घेते मी," आई म्हणाली. "मग बाहेरचा काय नि आतला काय."

लेक म्हणाली होती, आईला सवय आहे. आता तिने तोंडाला पट्टीचा हात लावला आणि रडायला लागली, मोठ्याने, लहान मुलीसारखी. अण्णा दचकले. उठून तिच्याजवळ आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून कुठल्याशा परक्या बाईशी बोलावं तसं आदराने म्हणाले, "होईल हो. वेळ लागतो थोडा."

इस्पितळात फोन करायचं काम धाकटीकडे आलं. तिने गॅलरीत जाऊन केला.  डॉक्टरबाई म्हणाली की ते सगळे नमुने बाजूला काढावे लागतील, अण्णांना यापुढे अभ्यासात ठेवता येईल की नाही ते बघावं लागेल, पण पट्ट्यावरची हालचाल तरी खरी आहे. आणि मग तिने विचारलं, नळ्या ज्यांच्या आहेत त्यांना उद्या घेऊन याल का. आकडे बरे नाहीत. एका आकड्यावरून मी काही म्हणत नाही, पण विश्रांती द्या त्यांना, आजपासून.

ती आत आली तेव्हा पुन्हा पारडी हलली होती. निवासाला फोन झाला होता. खोली दुसऱ्याला द्या, असं थोरल्याने कळवून टाकलं होतं. आता तो आणि लेक, सकाळपासून एकमेकांना पाण्यात बघणारे, एका बाजूला आणि आई दुसऱ्या. थोरला आईला पंधरा दिवस आपल्याकडे नेणार म्हणत होता, सकाळी तपासणी आणि मग नुसती झोप. आई म्हणत होती, मला काही झालेलं नाही, आणि चार वाजता इथे कोण.

"त्याचं मी बघतो," थोरला म्हणाला. खिशातून पेन काढलं, त्याच कागदाची मागची बाजू घेतली आणि रकाने आखले. सोमवार, मंगळवार, बुधवार. चार ते साडेचार, आत कोण. लेकीने दोन दिवस मागून घेतले. धाकट्याने कारखान्यातून लवकर सुटता येईल ते दिवस सांगितले, आणि ठोकायचं कसं, एकदा की दोनदा, असं इतक्या गंभीरपणे विचारलं की त्याच्या बायकोला हसू आलं. आईलाही आलं. तिने मधल्या बोटाने टेबलावर करून दाखवलं. तीनदा, थांबून, मग एकदा. थोरल्याने तेसुद्धा लिहून घेतलं. आज रविवार, आजच्या रकान्यात धाकटीचं नाव पडलं.

तीनला सासूबाई निघाल्या. अण्णांच्या कपड्यांचा कप्पा दोनदा दाखवला, त्यांना दुधाची साय चालत नाही हे तीनदा सांगितलं. मग खुर्चीसमोर वाकून म्हणाल्या, "येते हं मी." अण्णांनी मान वर करून पाहिलं, छान हसले, आणि पाहुणीला म्हणावं तसं म्हणाले, "सावकाश जा. जिन्यात उजेड कमी आहे."

थोरल्याने बॅग उचलली आणि सवयीने लिफ्टचं बटण दाबलं. मग काहीतरी आठवून आईच्या पाठोपाठ जिना उतरायला लागला.

चारला पाच कमी असताना अण्णा उठले. धाकटीचा नवरा खिडकीशी उभा राहिला, ठरल्याप्रमाणे काही न बोलता. धाकटी अडगळीच्या खोलीत शिरली, आणि दार ओढणार तर तिच्या हाताखालून तिची सहा वर्षांची पोर आत सरकली. सगळे तिला भिंगरी म्हणायचे, एका जागी ठरत नसे म्हणून. मलाही अडकायचंय, म्हणाली. बाहेर काढायला वेळ नव्हता. दार लागलं.

जुन्या कापसाचा वास होता. डोळे सरावले तरी काही दिसेना. आपण उघडे ठेवलेत की मिटलेत हे तिला आधी कळलंच नाही. आणि मग तिच्या लक्षात आलं की तिचंही काळीज धडधडतंय, दाराच्या एवढं जवळ असून, बाहेर सगळी आपली माणसं असून. तिने तीनदा ठोकलं, थांबली, मग एकदा.

बाहेर पावलं थबकली. मग जवळ आली. चौकटीवरून हात फिरल्याची खरखर ऐकू आली, वरून खाली, पुन्हा वर.

"घाबरू नका," अण्णा म्हणाले. तिने कधी ऐकला नव्हता असा आवाज होता तो, तरणा, कामावरचा. "मी आलोय. कोण आहे आत?"

ती काय बोलावं याचा विचार करत राहिली. हे सासूबाईंनी सांगितलं नव्हतं, किंवा ते त्यांना कधी विचारतच नसतील. भिंगरीने अंधारात तिचा हात चाचपून धरला आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

"आई," तिने कुजबुजत विचारलं, "आजोबा रोज आजीलाच शोधत असतात ना? मग आज आपण सापडलो की ते तिला शोधायचं सोडून देतील?"